सायकलची चेन धुवायची म्हणजे नक्की काय धुवायचं?

पहिला पाऊस झाला की चार दिवसांत आमच्या सायकलवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक प्रश्न येतोच येतो, चेन कशाने साफ करू? आणि मग सुरू. एक म्हणतो रॉकेल, दुसरा डिझेल, तिसरा म्हणतो पेट्रोल मार एका मिनिटात चकाचक, चौथा महागड्या डिग्रीझरचा, म्हणजे तेलकट राप विरघळवणाऱ्या द्रवाचा, फोटो टाकतो, पाचवा म्हणतो मी तर भांड्यांच्या साबणाने धुतो मला आजपर्यंत काही झालं नाही, आणि एक काका असतातच ज्यांनी १९७८ साली घेतलेल्या सायकलची चेन आजतागायत धुतलेली नाही आणि ती अजून चालतेय. विचारणारा बिचारा होता त्याच्यापेक्षा जास्त गोंधळून गप्प बसतो.

गंमत म्हणजे यातलं जवळजवळ प्रत्येक उत्तर थोडं थोडं बरोबर आहे. घोळ असा होतो की कशाने धुवायचं यावर सगळे भांडतात आणि काय धुवायचंय ते कुणी बघतच नाही. मीपण बघितलं नव्हतं. पहिली दोन वर्षं मी दर रविवारी चेन बाहेरून घासून आरशासारखी करायचो, वरून सढळ हाताने तेल सोडायचो, आणि तिसऱ्या वर्षी मेकॅनिकने पट्टी लावून दाखवलं की चेन संपली आणि तिच्यासोबत मागची कॅसेट, म्हणजे मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्यांचा संच, तोपण गेला. चेनपेक्षा कॅसेट महाग असते हे त्या दिवशी कळलं.

## चेनच्या पोटात काय असतं

लांबून बघितलं तर चेन म्हणजे एकात एक अडकवलेल्या कड्या. जवळून बघा. प्रत्येक कडीला दोन बाजूंना पत्र्या, पत्र्यांना जोडणारी आरपार गेलेली पिन, आणि पिनेवर सैल फिरणारं एक छोटं नळकांडं. हे नळकांडं म्हणजे रोलर, आणि दात्यावर बसतं ते हेच. ही रचना हान्स रेनॉल्ड नावाच्या स्विस माणसाने १८८० मध्ये इंग्लंडात मँचेस्टरला पेटंट केली, आणि मूळ कल्पना आजही तीच आहे, तुमच्या घरच्या साध्या सायकलीतही आणि लाखाच्या कार्बन फ्रेमच्या सायकलीतही. एका पिनेपासून पुढच्या पिनेपर्यंतचं अंतर अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर, तेही सगळीकडे तेवढंच.

आता चेन पळते तेव्हा काय होतं बघा. सरळ भागात काहीच होत नाही. दात्यावर चढताना कडी वाकते आणि उतरताना सरळ होते, आणि हे वाकणं सरळ होणं होतं पिनेवर, आत, जिथे आपलं बोटही पोचत नाही आणि ब्रशही. साधा हिशोब करू. पुढे ४४ दात्यांचं चक्र आहे आणि तुम्ही मिनिटाला ६० वेळा पॅडल मारताय असं धरा. चेनमध्ये साधारण ११४ कड्या असतात. म्हणजे तासाभरात पूर्ण चेन जवळपास १,४०० वेळा गोल फिरते आणि प्रत्येक कडी प्रत्येक फेरीत चार वेळा हलते, पुढच्या चक्रावर चढताना उतरताना आणि मागच्यावर चढताना उतरताना. तासाला साडेपाच हजार वेळा. गिअरच्या सायकलीत मागे लटकणाऱ्या, गिअर बदलणाऱ्या डिरेलरची दोन छोटी चाकं वाढतात म्हणून आकडा दुप्पट.

दाराची बिजागरी तासाला साडेपाच हजार वेळा उघडझाप केली तर काय होईल? आणि तीपण रस्त्यापासून वीतभर उंचीवर, जिथे पुढचं चाक सगळा चिखल उडवतंय.

म्हणून तेल पाहिजे ते पिनेला. पत्र्यांना तेल लागत नाही, फक्त गंज धरू नये म्हणून एक पुसट थर पुरतो. हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं निम्मं आपोआप कळतं, कारण आपण सगळे नेमकं उलटं करत असतो, बाहेर तेलाचा थर आणि आत कोरडं.

## तो काळा राप कुठून येतो

नवीन चेनवर टाकलेलं तेल पाण्यासारखं स्वच्छ असतं, आणि दोनशे किलोमीटर झाले की त्याचंच काळंकुट्ट काजळ झालेलं असतं. पँटच्या पोटरीवर जो दात्यांचा शिक्का उमटतो ना, तो याचाच. त्यातला थोडा चिकट राप बोटावर घेऊन अंगठ्याने चोळून बघा. गुळगुळीत लागला तर तेल नुसतं जुनं झालंय. कचकच लागली तर त्यात माती आहे, वाळू आहे, आणि झिजलेल्या लोखंडाची भुकटीपण आहे, काळा रंग बराचसा तिच्यामुळेच.

वाळूत गारगोटीचे कण असतात. कठीणपणा मोजायची मोहसची पट्टी आहे, १ ते १० अशी, त्यावर गारगोटी ७ ला बसते आणि चाकूचं साधं पातं साडेपाचच्या आसपास. चेनच्या पिना चाकूपेक्षा कडक केलेल्या असतात तरी रोज रोज गारगोटीने घासल्यावर त्या तरी किती टिकणार. नुसती कोरडी धूळ असती तर बरीचशी झडून गेली असती. तेलाने तिला धरून ठेवलं, कालवलं, आणि प्रत्येक वाकण्यासरशी थोडी थोडी आत ढकलली. पाट्यावर चटणी कोरडी वाटली जात नाही म्हणून आपण पाण्याचा हबका मारतो, तसंच हे, फक्त इथे वाटली जातेय आपलीच चेन. गाड्यांच्या गॅरेजमध्ये इंजिनचे व्हॉल्व घासून बसवायला ग्राइंडिंग पेस्ट म्हणून डबी मिळते, तीपण ग्रीसमध्ये कालवलेली खरखरीत भुकटीच असते. आपण तीच घरी फुकट बनवतो.

## चेन लांबते म्हणजे रबरासारखी ताणते का

नाही. मेकॅनिक म्हणतो चेन लांबली, आणि ऐकणाऱ्याला वाटतं पत्र्या ओढल्या गेल्या. पत्र्या होत्या तेवढ्याच असतात. पिन झिजते, पिनेभोवतालचं भोक झिजतं, आणि प्रत्येक सांध्यात इतकीशी जागा तयार होते. किती? चेन अर्धा टक्का लांबली की जास्त गिअरच्या बारीक चेन बदलायला झाल्या असं धरतात, आणि अर्धा टक्का म्हणजे एका कडीमागे ०.०६ मिलिमीटर. डोक्याच्या केसाची जाडी साधारण एवढीच असते. एकेक केस, पण ११४ ठिकाणी, म्हणजे पूर्ण चेन सात मिलिमीटर लांब.

याने बिघडतं काय तर शर्टाची बटणं आठवा. शिंप्याने प्रत्येक काज ठरलेल्या अंतरापेक्षा दोन सूत पुढे केलं तर पहिलं बटण लागेल, दुसरं लागेल, पण खाली खाली येत कापड फुगायला लागेल. लांबलेली चेन दात्यांच्या खोबणीत नीट न बसता टोकाकडे चढून बसते, टोकं घासते, आणि हळूहळू दाते शार्कच्या पंखासारखे एका बाजूला कललेले अणकुचीदार होतात. मग त्यावर नवीन चेन टाकली की चढावर जोर दिला रे दिला की खट्‌कन उडते, कारण आता काजं बरोबर आहेत आणि बटणं चुकीची लागलीत. माझी कॅसेट अशीच गेली.

घरी मोजायला काही विकत आणायची गरज नाही. शाळेच्या कंपासपेटीतली नको, टोकाला बरोबर शून्य असलेली बारा इंची स्टीलची पट्टी घ्या, पॅडलवर थोडा जोर देऊन चेन ताणलेली ठेवा, एका पिनेच्या मधोमध शून्य धरा. नवीन चेनमध्ये बरोबर बारा इंचावर चोविसाव्या कडीची पिन येते. ती पिन बारा इंचाच्या एक सोळांश इंच पुढे, म्हणजे दीड मिलिमीटरच्या आसपास गेली असेल तर अर्धा टक्का झीज झाली. एक अष्टमांश गेली असेल तर एक टक्का. ११ आणि १२ गिअरवाल्यांनी, म्हणजे मागे तेवढ्या चकत्या असलेल्यांनी, अर्ध्यालाच चेन बदलावी, ९-१० वाले पाऊणपर्यंत जातात, बिनगिअरवाले एक टक्क्यापर्यंत निवांत. चेन चेकर नावाची पत्र्याची छोटी पट्टी मिळते ती हेच काम पटकन करते, सायकल रोजची असेल तर घेऊन ठेवा.

## मग धुवायची कशी

पहिलं हत्यार फडकं. जुना बनियन सगळ्यात भारी, सुती असतो, तुसं सोडत नाही आणि घरात त्याला कुणी विचारत नाही. सायकल डबल स्टँडवर किंवा भिंतीला टेकवून, फडक्यात चेन मुठीत धरायची आणि दुसऱ्या हाताने पॅडल उलटं फिरवायचं. तीस-चाळीस फेऱ्या, फडक्याची जागा बदलत. बाहेरचा बराचसा राप एवढ्यानेच निघतो, आणि बाहेर राप नसला की आत ढकलायला मालच नसतो. प्रत्येक राइडनंतर दोन मिनिटं हे केलं तर बाकीचं सगळं महिना-दीड महिन्याने केलं तरी चालतं. मला विचाराल तर ज्यांना वेळ नाही त्यांनी एवढंच करावं, दोन हजाराचं किट घेऊन वर्षातून एकदा वापरण्यापेक्षा हे शंभर पटीने बरं.

दुसरं म्हणजे ब्रश आणि काहीतरी राप विरघळवणारं. जुना टूथब्रश चालतो, कपडे धुवायचा छोटा ब्रश जास्त चालतो. वाटीत थोडं रॉकेल किंवा डिग्रीझर, ब्रश बुडवून कड्यांच्या वरून, खालून, दोन्ही बाजूंनी, आणि मागच्या डिरेलरच्या छोट्या चाकांवर जो काळा मेणासारखा थर चढतो तो आधी स्क्रूड्रायव्हरने खरवडून. तो ठेवून चेन धुतली तर पहिल्या दहा फेऱ्यांत चेन परत काळी. कॅसेटच्या दात्यांमध्ये फडक्याची चिंधी घालून पुढेमागे ओढायची.

तिसरी ती डबी, चेन क्लीनर म्हणतात तिला. प्लॅस्टिकची, आत गोल ब्रश, चेनवर चिमटीसारखी बसते, आत द्रव भरायचा आणि पॅडल उलटं फिरवायचं. चांगली आहे, हात कमी माखतात. फक्त लोक एकदाच भरून थांबतात, आणि चौथ्या मिनिटाला तुम्ही चेन त्याच घाण पाण्यात परत परत बुचकळत असता. दोन-तीनदा ओतून नवीन भरा.

आणि चौथी, खरी धुलाई, चेन काढून. जवळजवळ सगळ्या गिअरच्या चेनना आता एक जोडकडी असते, क्विक लिंक किंवा मिसिंग लिंक म्हणतात, ती छोट्या पकडीने दाबली की सुटते. पकड नसेल तर जुन्या ब्रेकच्या तारेचा तुकडा कडीच्या दोन टोकांतून आडवा घालून ओढला तरी निघते. परत लावताना ती कडी वरच्या बाजूला आणायची, मागचा ब्रेक दाबायचा आणि पॅडलवर जोर द्यायचा, टक्‌ आवाज आला की बसली. काही कंपन्या १० ते १२ गिअरच्या चेनची ही कडी एकदाच वापरा म्हणून सांगतात, तेव्हा पाकिटावर वाचून घ्या.

साध्या सायकलीच्या चेनला क्लिपचं लॉक असतं, बारीक माशाच्या आकाराचं. मासा कसा तोंड पुढे करून पोहतो तसं ते बसवायचं, बंद टोक चेन पळते त्या दिशेला आणि फाटलेली शेपटी मागे. मी एकदा उलटं बसवलं होतं. तिसऱ्या दिवशी सिंहगड रोडला भर ट्रॅफिकमध्ये पाय एकदम हलका झाला, मागे वळून बघतो तर चेन रस्त्यात सापासारखी पडलेली आणि रिक्षावाला हॉर्न वाजवतोय.

तर काढलेली चेन आधी फडक्याने पुसायची. मग रुंद तोंडाच्या बरणीत घालायची, बुडेल एवढं रॉकेल, झाकण घट्ट, आणि दोन मिनिटं खळखळ हलवायची. पहिल्या वेळी रॉकेल चहासारखं होणार नाही, डांबरासारखं होईल. पंधरा-वीस मिनिटं तशीच ठेवून परत हलवायची, ओतायची, नवीन रॉकेल. साधारण तिसऱ्या पाण्याला ते बऱ्यापैकी नितळ राहतं. इथे एक युक्ती, चेन कानाजवळ धरून कड्या हळूच आडव्या हलवा. बारीक कर्र कर्र आवाज आला तर आत अजून वाळू आहे, दिसो न दिसो. आवाज गेला की झालं. नंतर गरम पाण्यात भांड्यांचा साबण टाकून त्यात एकदा, साध्या पाण्यातून एकदा, फडक्याने टिपून उन्हात. पावसाळ्यात पंख्याखाली रात्रभर, कारण रोलरच्या आत राहिलेलं पाणी बाहेरून अजिबात कळत नाही आणि त्यावर तेल टाकलं तर ते आत जातच नाही.

मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा मुरांब्याची काचेची बरणी उचलली होती. आईने नुसतं बघितलं आणि म्हणाली, "आता ती तुझीच. परत ओट्यावर दिसली तर बघ." ती बरणी अजून माझ्याकडेच आहे.

## रॉकेल, डिझेल, पेट्रोल, सगळं एकच ना?

राप विरघळवायच्या बाबतीत जवळपास एकच, धोक्याच्या बाबतीत बिलकुल नाही. पेट्रोलची वाफ शून्याखाली चाळीस अंशालाही पेट घेऊ शकते, म्हणजे पुण्याच्या दुपारी तुमच्या बाल्कनीत वाटीभर पेट्रोल उघडं ठेवलंय आणि आत गॅस चालू आहे किंवा गीझरची ठिणगी आहे, बास. रॉकेलला त्यासाठी अडतीस-चाळीस अंशांच्या वर जावं लागतं, डिझेलला त्याहून थोडं जास्त. म्हणून पेट्रोल नको म्हणजे नको, एका मिनिटात होतं वगैरे काही नाही. डिझेल चालतं पण त्याचा तेलकटपणा मागे राहतो आणि वास दोन दिवस जात नाही. रॉकेल मधलं. रेशनवरचं निळं रॉकेल आता बऱ्याच शहरांत दिसत नाही, मग रंगाच्या दुकानातलं टर्पेंटाइन घ्या, तेच काम करतं. यातलं काहीही वापरा, पण मोकळ्या हवेत आणि हातमोजे घालून.

डिग्रीझरची महाग बाटली वाईट नाही, वास कमी असतो आणि पाण्याने धुऊन निघते, बाकी जादू काही नाही. भांड्यांचा साबणही चालतो, जुना घट्ट राप त्याने हलत नाही एवढंच. पण बाथरूमच्या फरशीचं ॲसिड किंवा गंज काढायचं द्रव चुकूनही नको. ॲसिडने कडक पोलादाच्या आत बारीक भेगा पडू शकतात, चेन दिसायला नवीकोरी आणि चढावर उभं राहून जोर दिला की कटकन. चेन बनवणाऱ्या कंपन्या पुस्तिकेत याबद्दल बजावून सांगतात.

उरलेलं काळं रॉकेल मोरीत ओतू नका. झाकण लावून दोन दिवस ठेवलं की गाळ तळाला बसतो, वरचं हलक्या हाताने ओतून घ्या, पुढच्या वेळी पहिल्या पाण्याला तेच. तळाचा गाळ जवळच्या गॅरेजमध्ये जुन्या ऑइलच्या पिंपात द्या, सहसा नाही म्हणत नाहीत.

## डब्ल्यूडी-४० मारलं की झालं ना?

अर्धं झालं. या स्प्रेच्या नावातले डब्ल्यू आणि डी म्हणजे पाणी हटवणारं, आणि चाळिसाव्या प्रयत्नात जमलं म्हणून ४०. १९५३ साली अमेरिकेत सॅन डिएगोच्या रॉकेट केमिकल कंपनीने ते बनवलं, ॲटलस क्षेपणास्त्राच्या पत्र्याला गंज धरू नये म्हणून. त्यात बराचसा भाग विरघळवणारा द्रव आणि थोडं पातळ तेल. म्हणजे भिजलेल्या चेनमधलं पाणी घालवायला उत्तम, राप सैल करायला ठीक, पण वंगण म्हणून आठवडाभरात हवेत. मारलं तर मारा, पुसा, वाळू द्या आणि त्यावर खरं तेल घाला. आणि डिस्क ब्रेक असेल तर स्प्रे कुठलाच नको, तेलाचा फवारा डिस्कवर बसला की ब्रेक किंचाळतो आणि नीट धरत नाही, पॅड बदलण्यापर्यंत पाळी येते.

## पण आजोबांच्या सायकलीला कुणी कधी हे केलं नव्हतं

खरं आहे, आणि त्याला कारण आहे. त्या सायकलीला फुल चेनकव्हर होतं, पत्र्याचा बंद डबाच, चिखल आत जायचाच नाही. नेदरलँड्समध्ये रोजच्या वापराच्या सायकलींना असं कव्हर आजही असतं, तिकडे राहणारा माझा मावसभाऊ सांगतो की सायकल बारा महिने पावसात बाहेर उभी असते आणि चेनकडे कुणी ढुंकून बघत नाही. शिवाय ती चेन जाड, एका सरळ रेषेत पळणारी, आणि लांबली तरी मागचं चाक जरा मागे ओढून नट आवळला की परत टाइट. म्हणजे झिजत तीही होती, फक्त कळत नव्हतं. आपण कव्हर काढलं, मागे नऊ-दहा-अकरा चकत्या बसवल्या, त्यासाठी चेन बारीक केली, ती तिरकी पळवायला लागलो, आणि आता म्हणतो पूर्वीसारखं राहिलं नाही. साधी कव्हरवाली सायकल असेल तर हा लेख इथेच सोडून दोन महिन्यांनी थोडं तेल घाला, खरंच पुरे.

## एवढं करून सायकल जास्त पळते का?

इथे मला लोकांची निराशा करावी लागते. १९९९ मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जेम्स स्पायसर यांनी सायकलच्या चेनवर प्रयोग केले, इन्फ्रारेड कॅमेऱ्याने चेन कुठे तापते तेही बघितलं. चेन सगळ्यात चांगल्या अवस्थेत पायाची ९८.६ टक्के ताकद चाकापर्यंत पोचवत होती, आणि प्रयोगशाळेतल्या स्वच्छ चेनला कुठलं वंगण लावलं याने जवळपास फरक पडला नाही. जास्त फरक पडला तो चेन किती ताणलेली आहे आणि दातेरी चकती केवढी आहे याने.

मग तेल कशाला? तर प्रयोगशाळेत धूळ नव्हती. तेल आत जागा अडवून बसतं आणि घाणीला शिरू देत नाही, हे त्याचं मोठं काम, शिवाय गंज आणि आवाज. तेव्हा चेन धुतल्यावर सायकल हलकी झाल्यासारखी वाटते त्यात निम्मा भाग आवाज बंद झाल्याचा असतो असं माझं प्रामाणिक मत आहे. वाचतो तो पैसा.

## तेल कुठलं आणि किती

कुठलं यावर लोक जेवढं भांडतात त्याच्या निम्मं लक्ष किती याकडे दिलं तर बरं. एका कडीला एक टिपूस, रोलरवर, बास. पॅडल सावकाश उलटं फिरवत प्रत्येक रोलरवर टिपूस सोडायचा, जोडकडीपासून सुरू केलं की एक फेरी कुठे संपली ते कळतं. मग दोन मिनिटं फिरवायचं म्हणजे तेल आत जातं, रात्रभर ठेवायचं, आणि सकाळी निघायच्या आधी बाहेरचं सगळं तेल पुसून टाकायचं. लोकांना हे पुसणंच जिवावर येतं. एवढं महागाचं घातलं आणि पुसू? पुसा. बाहेर राहिलेला प्रत्येक थेंब रस्त्यावरची धूळ गोळा करणार आहे.

पावसाळ्यात घट्ट तेल, म्हणजे वेट ल्यूब, धुपत नाही पण धूळ धरतं. उन्हाळ्यात ड्राय ल्यूब, पातळ असतं, वाळून हलका थर राहतो, पहिल्या सरीत जातं. कोकणात लाल चिखल आणि खारी हवा दोन्ही, तिकडे घट्टच बरं आणि पुसणं दुप्पट. शिलाई मशीनचं तेल अडीनडीला चालेल, पातळ आहे, वारंवार घालावं लागेल. आमच्या नाक्यावर एक सायकलवाले गाडीतून निघालेलं जळकं ऑइल ब्रशने चोपडायचे, फुकट मिळतं म्हणून, पण त्यात इंजिनाची घाण आधीच आहे, म्हणजे तयार चटणी. आणि खोबरेल किंवा गोडेतेल नको, नोव्हेंबरच्या पहाटे खोबरेल थिजतं आणि गोडेतेल काही दिवसांनी डिंकासारखं चिकट होतं, फोडणीच्या कढईच्या कडा आठवा.

मेणाची सध्या फॅशन आहे आणि फॅशन असूनही चांगली आहे. चेन पूर्ण कोरडी ठक्क धुऊन वितळलेल्या पॅराफिन मेणात बुडवायची, थंड झाली की बोटाला काळं लागत नाही आणि धूळ चिकटायला जागाच नाही. पण दोन-तीनशे किलोमीटरला परत बुडवा, पाऊस लागला की परत बुडवा, आणि मेण थेट गॅसवर कधीच वितळवायचं नाही, पातेल्यात पाणी आणि त्यात मेणाचा डबा. रोज ऑफिसला पावसात जाणाऱ्याचं हे काम नाही.

राहिलं किती दिवसांनी. तारीख बघू नका, कान आणि बोट वापरा, चेन किरकिरली किंवा राप कचकच लागला की वेळ झाली. पावसातून किंवा चिखलातून आलात तर त्याच दिवशी, निदान पुसून तेल. आणि गाड्या धुवायच्या सेंटरवर प्रेशरच्या पाण्याने धुवून घेऊ नका, ते पाणी हबच्या (चाकाच्या मधल्या भागाच्या) आणि क्रँकच्या (पॅडलच्या दांड्याच्या) बेअरिंगमध्ये शिरतं, तिथलं ग्रीस धुऊन नेतं आणि दोन महिन्यांनी वेगळंच बिल येतं.

## आणि हाताचं काय

साबणाने लगेच धुवायला गेलात तर काळं आणखी पसरतं. आधी कोरड्या हातावर चमचाभर खोबरेल चोळा, चेनला नको म्हटलं ते इथे कामाला येतं, तेलात तेल विरघळतं. मग चमचाभर साखर घेऊन बोटांच्या सांध्यांत आणि नखांच्या कडेला घासा, मग भांड्यांचा साबण आणि पाणी. नखांच्या आतलं तरी दोन दिवस राहतंच, त्याला माझ्याकडे अजून उपाय नाही.